एकाच श्रेणीची स्मृती : एकचल कालश्रेणी प्रतिमानांचा आढावा

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याला रोज मिळणारा सरासरी भाव, सूर्यावर दरवर्षी दिसणाऱ्या डागांची संख्या, जीएसटीचे दरमहा संकलन, नैर्ऋत्य मोसमी पावसाची दरसालची बेरीज अशा ठरावीक अंतराने घेतलेल्या आणि घेतल्याच क्रमाने मांडलेल्या नोंदींना कालश्रेणी म्हणतात. वर्गातल्या साठ मुलांच्या उंचीचे आकडे कोणत्याही क्रमाने लिहिले तरी त्यांतली माहिती कमी होत नाही. कालश्रेणीचे आकडे पत्त्यांसारखे पिसले, तर मात्र तिच्यातले सर्वांत मोलाचे तेच हरवते, कारण शेजारशेजारचे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. आजचा भाव कालच्या भावाच्या आसपास असतो आणि यंदाचा मे गेल्या मे महिन्यासारखा. श्रेणीला स्वतःची स्मृती असते.

या स्मृतीचे मोजमाप करून तिच्यावरच पुढचा अंदाज उभारणाऱ्या प्रतिमानांना एकचल प्रतिमाने म्हणतात. कांद्याच्या उद्याच्या भावाचा विचार करताना पाऊस, लागवडीचे क्षेत्र, डिझेलचा दर यांतले काहीही न विचारता फक्त आजवरचे भाव पाहायचे, हा त्यांचा नियम. हे हात बांधून काम करण्यासारखे वाटेल, पण त्यात एक सोय आहे. पावसावरून भाव सांगायचा, तर आधी पुढचा पाऊस सांगावा लागतो. श्रेणीचा स्वतःचा भूतकाळ मात्र आधीच हातात असतो. शिवाय एकाच श्रेणीची घडण कळलेली नसताना दोन श्रेणी एकमेकींना जोडण्यात मोठा धोका असतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उड्नी यूल यांनी १९२६ मध्ये तो दाखवून दिला. १८६६ ते १९११ या काळातला इंग्लंड-वेल्समधला मृत्युदर आणि एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या विवाहांचे प्रमाण यांच्यातला सहसंबंध त्यांनी काढला, तो ०.९५ इतका भरला. चर्चमधली लग्ने कमी झाली म्हणून माणसे जास्त जगू लागली, असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही श्रेणी संथपणे उतरत होत्या, एवढेच त्यांच्यात सामाईक होते.

स्मृती मोजण्याचे साधन म्हणजे स्वसहसंबंध. श्रेणीची एक नक्कल करायची, ती एक पाऊल मागे सरकवायची आणि मूळ श्रेणीशी तिचा सहसंबंध काढायचा; मग दोन पावले, तीन पावले, असे करत जायचे. मासिक आकड्यांत बाराव्या पावलावर सहसंबंध उसळी घेत असेल, तर वर्षाचा हंगाम बोलतो आहे असे समजावे. सर्वच पावलांवर तो शून्याजवळ घुटमळत असेल, तर त्या श्रेणीला स्मृतीच नाही. अशा स्मृतिहीन श्रेणीला व्हाइट नॉइज म्हणतात.

कालश्रेणीकडे पाहण्याची सर्वांत जुनी आणि आजही शाळा-महाविद्यालयांत शिकवली जाणारी रीत विघटनाची आहे. हार्वर्डमधील वॉरन पर्सन्स यांनी १९१९ मध्ये आर्थिक श्रेणींचे चार घटक मांडले : दीर्घकालीन कल, व्यापारचक्र, हंगामी चढउतार आणि अनियमित बदल. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून मोजल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदींत कल आणि हंगाम नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. सुरुवातीला दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे, आणि त्या चढत्या रेषेवर दरवर्षी मे महिन्यात शिखर व सप्टेंबरच्या सुमारास तळ असलेली लाट आहे. उत्तर गोलार्धातली झाडे-पिके उन्हाळ्यात वायू शोषून घेतात, त्याची ही खूण.

कांद्याच्या भावातली लाट इतकी सरळ नाही, तरी तिलाही कारण आहे. रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो, बाजारात एकदम आवक होते आणि भाव उतरतात. चाळीत साठवलेला हा कांदा पावसाळाभर पुरवून विकला जातो; तो संपत येतो आणि खरिपाचा लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो, त्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या फटीत भाव चढतात. इथे हंगामाचा परिणाम बेरजेने न होता गुणाकाराने होतो. भावाची पातळीच वर असेल, तर चढउतारही मोठे होतात. अशा वेळी आधी लॉगॅरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि पुढचे काम सोपे होते.

अमेरिकेच्या जनगणना खात्यात ज्युलियस शिस्किन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये विघटनाची एक्स-११ ही पद्धत बसवली. तिची आजची आवृत्ती एक्स-१३ अरिमा-सीट्स जगभरच्या सांख्यिकी संस्था वापरतात. भारतीय आकड्यांना मात्र ती जशीच्या तशी लावता येत नाही, कारण आपला बाजार दोन पंचांगांवर चालतो. हिशेब इंग्रजी महिन्यांचा आणि खरेदी तिथीची. २०२२ मध्ये गणेशचतुर्थी ३१ ऑगस्टला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती १९ सप्टेंबरला गेली. २०२३ चे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ चे २१ ऑक्टोबरला. मिठाई, कापड, दुचाकी यांच्या विक्रीचा जोर त्यामुळे कधी एका महिन्यात पडतो, कधी दुसऱ्या. केवळ ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करणारा माणूस विक्री घटली म्हणून चिंतेत पडेल आणि प्रत्यक्षात फक्त दिवाळी सरकलेली असेल. पाश्चात्त्य पद्धतीत ईस्टरसाठी जी दुरुस्ती केली जाते, तशीच दिवाळीसाठी करावी लागते. मुंबईस्थित रिझर्व्ह बँक निवडक मासिक आर्थिक श्रेणींचे हंगामी निर्देशांक नियमितपणे प्रसिद्ध करते.

विघटनाच्या या चित्रात चक्राचा घटक सर्वांत दुबळा. चक्र खरोखर आहे की पाहणाऱ्याच्या नजरेत, हा प्रश्न १९२७ मध्ये दोन ठिकाणांहून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सोडवला गेला आणि आधुनिक प्रतिमानांचा पाया तिथेच पडला.

यूल यांनी सूर्यावरील डागांची १७४९ ते १९२४ पर्यंतची वार्षिक श्रेणी घेतली. डाग साधारण अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढतात-कमी होतात, हे हाइनरिश श्वाबे यांच्या निरीक्षणांपासून ठाऊक होते. आर्थर शूस्टर यांनी त्यात दडलेले नेमके आवर्तनकाळ शोधण्यासाठी गणिती पद्धतही दिली होती. त्या पद्धतीत असे गृहीत होते की मूळ आवर्तन घड्याळासारखे नियमित आहे आणि त्यावर मोजणीच्या चुकांची धूळ बसली आहे. यूल यांना ते पटले नाही. त्यांनी लंबकाचे उदाहरण दिले : खोलीत एक लंबक झुलतो आहे, आणि खोडकर मुले त्यावर कधी या बाजूने, कधी त्या बाजूने वाटाणे मारत आहेत. प्रत्येक वाटाणा लंबकाची पुढची सगळी चाल थोडीशी बदलतो. धक्का बाहेर राहत नाही, श्रेणीच्या आत शिरतो. आवर्तन टिकते, पण त्याची उंची आणि लांबी सतत बदलत राहते. सूर्याच्या डागांचे तसेच आहे. यूल यांनी यंदाचा आकडा गेल्या दोन वर्षांच्या आकड्यांवर बसवला. सरासरीपासूनचे अंतर मोजले, तर गेल्या वर्षीच्या अंतराला सुमारे १.३४ ने गुणायचे, त्याआधीच्या वर्षीच्या अंतराला सुमारे ०.६५ ने गुणून ते वजा करायचे, आणि उरेल तो यंदाचा नवा धक्का. समजा, गेल्या वर्षी डाग सरासरीपेक्षा ५० ने आणि त्याआधी २० ने जास्त होते. तर यंदाचा अंदाज सरासरीपेक्षा ६७ वजा १३, म्हणजे ५४ ने जास्त. एवढ्या दोन गुणकांतूनच १०.६ वर्षांचे आवर्तन निघते. श्रेणीचे स्वतःच्याच मागच्या आकड्यांवर समाश्रयण, म्हणून याला स्वसमाश्रयी प्रतिमान म्हणतात. एका शतकभराच्या संशोधनात इतक्या थोड्या साधनांत इतके काही सांगणारे दुसरे उदाहरण क्वचित सापडते.

त्याच वर्षी मॉस्कोत येवगेनी स्लुत्स्की यांनी उलट्या दिशेने प्रयोग केला. सरकारी लॉटरीत निघालेल्या क्रमांकांचे अंक, म्हणजे ज्यांत कसलीही स्मृती नाही असे आकडे, त्यांनी घेतले आणि दहा-दहा अंकांच्या सरकत्या बेरजा काढल्या. शेजारच्या दोन बेरजांत नऊ अंक सामाईक, त्यामुळे बेरजा एकदम उडी मारत नाहीत. त्या लाटांसारख्या वर-खाली होतात. हा आलेख एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या व्यापारचक्रांच्या निर्देशांकाशेजारी ठेवला, तेव्हा दोन्हींतले साम्य थक्क करणारे होते. निव्वळ योगायोगाचे धक्के साचत गेले तरी चक्रे दिसू लागतात. आजचा आकडा आजच्या आणि मागच्या काही धक्क्यांची भारित बेरीज असतो, या कल्पनेवर चल सरासरी प्रतिमान उभे आहे. आलेख गुळगुळीत करण्यासाठी हौसेने चल सरासरी काढणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग लक्षात ठेवायला हवा : नंतर दिसलेली लाट श्रेणीची आहे की सरासरीने घडवलेली, हे आधी तपासावे लागते. पुढे १९३८ मध्ये स्वीडनच्या हर्मन वोल्ड यांनी सिद्ध केले की कोणत्याही स्थिर श्रेणीतला अनिश्चित भाग भूतकाळातल्या धक्क्यांच्या भारित बेरजेच्या रूपात लिहिता येतो. यूल आणि स्लुत्स्की एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहत होते.

यातला ‘स्थिर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. श्रेणीची सरासरी, तिचा विस्तार आणि ठरावीक अंतरावरचे स्वसहसंबंध काळाबरोबर बदलत नसतील, तर ती स्थिर. वरचे सारे गणित स्थिर श्रेणीलाच लागू पडते आणि व्यवहारातल्या बहुतेक श्रेणी तशा नसतात. मॉरिस केंडल यांनी १९५३ मध्ये ब्रिटिश शेअर निर्देशांक, शिकागोचा गहू आणि न्यूयॉर्कचा कापूस यांच्या भावांचा अभ्यास केला, तेव्हा भावांतले एका आठवड्यापासून दुसऱ्यापर्यंतचे बदल जवळजवळ स्मृतिहीन निघाले. भाव म्हणजे अशा बदलांची साचत गेलेली बेरीज. अशा यदृच्छ चालीत उद्याचा सर्वोत्तम अंदाज म्हणजे आजचाच भाव, आणि अनिश्चितता मात्र वाढत जाते. चार दिवसांनंतरची अनिश्चितता एका दिवसाच्या दुप्पट, शंभर दिवसांनंतरची दहापट. उपाय साधा आहे : आकड्यांऐवजी लागोपाठच्या आकड्यांतले फरक घ्यायचे. फरक काढावा की कलाची रेषा बसवून ती वजा करावी, हा मात्र नुसत्या सोयीचा प्रश्न नाही. कलरेषेभोवती झुलणारी श्रेणी धक्का विसरून परत येते. यदृच्छ चालीची श्रेणी तो कायम वागवते. डेव्हिड डिकी आणि वेन फुलर यांनी १९७९ मध्ये दोहोंतला भेद ओळखण्याची कसोटी दिली. १९८२ मध्ये चार्ल्स नेल्सन आणि चार्ल्स प्लॉसर यांनी अमेरिकेच्या १४ दीर्घ आर्थिक श्रेणी तपासल्या. त्यांपैकी १३ बाबत यदृच्छ चालीची शक्यता फेटाळता आली नाही. मंदीनंतर अर्थव्यवस्था आपोआप जुन्या वाटेवर येते, या समजुतीला त्यातून मोठा धक्का बसला.

हे सगळे धागे जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेंकिन्स यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात एकत्र विणले. मागचे आकडे, फरक आणि मागचे धक्के या तिन्हींना सामावणाऱ्या प्रतिमानाचे संक्षिप्त इंग्रजी नाव ‘अरिमा’. त्यांनी दिलेली कार्यपद्धती प्रतिमानाइतकीच मोलाची ठरली. आधी आलेख आणि स्वसहसंबंध पाहून प्रतिमानाचा प्रकार ओळखायचा, मग गुणक काढायचे, आणि शेवटी उरलेले अवशेष तपासायचे. अवशेषांत काही स्मृती शिल्लक असेल, तर काम अपुरे आहे. परत पहिल्या पायरीवर जायचे.

त्यांचे गाजलेले उदाहरण १९४९ ते १९६० या बारा वर्षांतल्या आंतरराष्ट्रीय विमान प्रवाशांचे, १४४ महिन्यांचे. १९४९ मध्ये सर्वांत रिकामा महिना नोव्हेंबर, १ लाख ४ हजार प्रवाशांचा. सर्वांत भरलेले महिने जुलै-ऑगस्ट, १ लाख ४८ हजारांचे. १९६० मध्ये तेच आकडे ३ लाख ९० हजार आणि ६ लाख २२ हजार झाले. हंगामाची झेप ४४ हजारांवरून २ लाख ३२ हजारांवर गेली, म्हणून आधी लॉगॅरिदम. मग प्रत्येक महिन्यातून गेल्या वर्षीचा तोच महिना वजा केला, की हंगाम जातो. लागोपाठच्या दोन फरकांचा पुन्हा फरक घेतला, की कल जातो. १४४ पैकी १३१ आकडे उरतात. त्यांना एक महिना मागच्या धक्क्यासाठी सुमारे ०.४ आणि बारा महिने मागच्या धक्क्यासाठी सुमारे ०.६ एवढे दोनच गुणक पुरले. बारा वर्षांची सारी लगबग दोन आकड्यांत मावली. या काटकसरीवर बॉक्स यांचा कटाक्ष होता आणि तो योग्यच होता. वीस गुणकांचे प्रतिमान भूतकाळाला चपखल बसते आणि भविष्यात फसते. काटकसर आणि अचूकता यांचा तोल मोजण्यासाठी जपानच्या हिरोत्सुगु अकाइके यांनी १९७४ मध्ये निकष मांडला, गिडिऑन श्वार्झ यांनी १९७८ मध्ये त्याहून कडक. आज संगणक शेकडो प्रतिमाने बसवून या निकषांवर क्षणात निवड करतो. अवशेषांचा आलेख पाहण्याची सवय त्यामुळे मोडत चालली आहे, हे मात्र नुकसानच.

बॉक्स-जेंकिन्स यांच्या आधीच एक साधी वाट व्यवहारात रुळली होती. रॉबर्ट ब्राउन अमेरिकी नौदलासाठी काम करताना घातांकी समरूपणाकडे वळले. कल्पना किराणा दुकानदारालाही लगेच पटेल अशी : नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज आणि झालेल्या चुकीचा एक हिस्सा. हा हिस्सा ०.२ धरला, तर ताज्या आकड्याला ०.२, त्याआधीच्याला ०.१६, त्याआधीच्याला ०.१२८ असे उतरते वजन मिळते. भूतकाळ पूर्ण विसरायचा नाही, पण जुन्याला नव्याइतका मान द्यायचा नाही. चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये त्यात कल घातला आणि पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये हंगाम. सुटे भाग, औषधे, धान्य यांच्या साठ्याचे नियोजन आजही मोठ्या प्रमाणात याच पद्धतींवर चालते. जॉन मूथ यांनी १९६० मध्ये दाखवले की साधे घातांकी समरूपण हे अरिमा कुटुंबातल्याच एका प्रतिमानाचा सर्वोत्तम अंदाज असते.

काही श्रेणींत स्मृती आकड्याची नसते, खळबळीची असते. सेन्सेक्स उद्या चढेल की पडेल हे आजच्या चढ-उतारावरून जवळजवळ कळत नाही. पण वादळी दिवसांनंतर वादळी दिवस येतात. १२ मार्च २०२० रोजी तो सुमारे ८ टक्के पडला, २३ मार्चला १३ टक्के, २५ मार्चला सुमारे ७ टक्के वधारला, तर ७ एप्रिलला जवळजवळ ९ टक्के. दिशा बदलत राहिली, झटक्यांचा आकार मात्र मोठाच राहिला. आजची चंचलता कालच्या चुकीच्या वर्गावर बसवणारे आर्च प्रतिमान रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये ब्रिटनच्या महागाईवर काम करताना मांडले, टिम बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये ते व्यापक केले. एंगल यांना २००३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सर्व एकचल प्रतिमानांचे गृहीतक एकच : श्रेणी घडवणारी यंत्रणा उद्याही कालचीच राहील. ती मध्येच बदलली की प्रतिमान आंधळे होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली आणि ४ मे २०२४ रोजी बंदी उठवली. त्या दरम्यानचे भाव चाळीच्या हंगामातून किंवा मागच्या धक्क्यांतून समजणार नाहीत. जीएसटीचे एप्रिल २०१९ मधले संकलन १,१३,८६५ कोटी रुपये होते, टाळेबंदीतल्या एप्रिल २०२० मध्ये ते ३२,१७२ कोटींवर आले. हा आकडा तसाच ठेवला, तर पुढच्या प्रत्येक एप्रिलचा हंगामी निर्देशांक खोटा ठरतो. जॉर्ज बॉक्स आणि जॉर्ज टियाओ यांनी १९७५ मध्ये यावर तोड काढली. लॉस एंजेलिसच्या हवेतल्या ओझोनवर नव्या नियमांचा काय परिणाम झाला, हे मोजताना त्यांनी घटनेची तारीख प्रतिमानातच बसवली. परिणाम तात्पुरता की कायमचा, एकदम की हळूहळू, हे त्यातून वेगळे काढता येते. अर्थात त्यासाठी तारीख माहीत असावी लागते. पुढच्या बंदीची तारीख कोणत्याही श्रेणीत लिहिलेली नसते.

कोणते प्रतिमान चांगले, याचा निवाडा जुन्या आकड्यांवर नीट बसण्यावरून करता येत नाही. श्रेणीचा शेवटचा तुकडा झाकून ठेवायचा, उरलेल्यावरून अंदाज करायचा आणि मग झाकण काढायचे. स्पायरोस माक्रिदाकिस यांनी या तत्त्वावर स्पर्धा भरवल्या : १९८२ मध्ये १,००१ श्रेणी, २००० मध्ये ३,००३, आणि २०१८ मध्ये तब्बल १ लाख. सुरुवातीच्या निकालांनी संख्याशास्त्रज्ञांत नाराजी पसरली, कारण क्लिष्ट प्रतिमाने साध्या घातांकी समरूपणाला सातत्याने मागे टाकू शकली नाहीत. २०१८ ची स्पर्धा स्लावेक स्मिल यांच्या पद्धतीने जिंकली. तीत न्यूरल नेटवर्क आणि होल्ट-विंटर्स घराण्यातले समरूपण यांचा संगम होता, आणि हजारो श्रेणींवर एकत्र शिकून ती प्रत्येक श्रेणीचा अंदाज करत होती. निव्वळ यंत्रशिक्षणाच्या पद्धती त्या वेळी मागेच राहिल्या.

आणि काही श्रेणींत शोधण्यासारखी स्मृती नसतेच. भारतीय मोसमी पाऊस हे त्याचे मोठे उदाहरण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बी. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी ३०६ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदींवरून १८७१ पासूनची अखिल भारतीय पावसाची श्रेणी तयार केली. दीर्घकालीन सरासरी सुमारे ८५ सेंटिमीटर आणि प्रमाण विचलन तिच्या साधारण दहा टक्के. एका वर्षाच्या पावसाचा पुढच्या वर्षाशी सहसंबंध जवळजवळ शून्य निघतो. २००२ मध्ये देशभर सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला, २००९ मध्ये ७८ टक्के. त्याआधीच्या वर्षांच्या आकड्यांत या दुष्काळांची चाहूल नव्हती. अशा श्रेणीसाठी कोणतेही एकचल प्रतिमान सरासरी आणि तिच्याभोवतीचा पट्टा एवढेच देऊ शकते.

गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि १८९९ च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी होती. पावसाच्या स्वतःच्या भूतकाळात उत्तर नाही म्हणून त्यांनी जगभरच्या वायुदाब, तापमान आणि पावसाच्या श्रेणी एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाचा आलटून-पालटून होणारा दक्षिणी दोलक हाती लागला. पुढे १९३१ मध्ये, लंडनमध्ये असताना, ऑस्ट्रेलियातील पोर्ट डार्विनच्या वायुदाबाच्या श्रेणीवर त्यांनी यूल यांची रीत विस्तारून लावली. पावसात नसलेली स्मृती त्या दाबात होती. स्वसहसंबंधांवरून स्वसमाश्रयी प्रतिमानाचे गुणक काढणारी समीकरणे तेव्हापासून यूल-वॉकर समीकरणे या नावाने ओळखली जातात.